भिंगाचा दिवा
(उपदेशकांसाठीं व मंडळींतील वडील माणसांसाठीं एक पाठ)

वाचावयाचे भाग: मार्क ८:२२–२६, लूक १५:८–१०, १ शमुवेल ३:१–३.



बेथसैदा येथील आंधळ्या मनुष्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांत अनेक वेळां सांगितली जाते. परंतु तिच्यांतील एका मुद्द्यावर आपण सहसा थांबत नाहीं. प्रभूनें त्याच्या डोळ्यांवर हात ठेविल्यावर त्याला विचारलें कीं कांहीं दिसूं लागलें कीं काय. आणि त्या मनुष्यानें जें खरें होतें तेंच सांगितलें. त्याला माणसें दिसत होतीं, पण तीं चालत्या झाडांसारखीं भासत होतीं. गुरूच्या हाताचा मान राखावा म्हणून 'सर्व स्वच्छ दिसतें' असें तो म्हणूं शकला असता. तसें तो म्हणाला नाहीं. त्याचें अर्धवट दिसणें त्यानें उघड केलें, आणि प्रभूनें त्याच्या डोळ्यांवर पुन्हां हात ठेविला.

प्रस्तुत लेखकास हा मुद्दा फार उशीरां कळला. पंचेचाळिशी ओलांडल्यावर माझ्या पवित्र शास्त्रांतील बारीक टाइप धूसर होऊं लागला. प्रथम पुस्तक हातभर दूर धरून काम भागलें. पुढें हातच अपुरा पडूं लागला. अकोटाच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या एका गांवीं आमची सायंकाळची सभा भरत असे. खोलींत एकच दिवा, तोही आढ्याला टांगलेला. मला पुष्कळ स्तोत्रें तोंडपाठ आहेत. यास्तव मी पुस्तक उघडीत असें, त्यावर दृष्टि ठेवीत असें, आणि पाठ म्हणत असें. जवळजवळ दोन वर्षें हें असेंच चाललें. एके दिवशीं शब्बाथशाळेंतील नऊदहा वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारीं बसून माझ्याच पुस्तकावर बोट ठेवून वाचूं लागली, आणि मध्येंच म्हणाली, "गुरुजी, हे पान तर यशयाचे आहे. स्तोत्र मागे राहिले."

सभेंत कोणी हंसलें नाहीं. मागें बसलेली एक आजी मात्र मोठ्यानें म्हणाली, "माह्या डोयाले बी अक्षर दिसत नाही, बावा. मी बी पान उघडून तसीच बसतो." त्या रात्रीं चौकशी केली तेव्हां असें आढळलें कीं चाळिशीपुढचीं जीं माणसें पुस्तक हातीं घेऊन सभेस येत, त्यांपैकीं निम्मीं तरी वाचीत नसत.

रजिस्टराची गोष्ट तर ह्याहून वाईट झाली. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरावरून एका मुलीचा दाखला लिहून देतांना मीं जन्मतारखेंतील ९ हा अंक १ असा वाचला. तिच्या बापाला शाळा व तालुक्याची कचेरी ह्यांमध्यें तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि ऐन वेंचणीच्या दिवसांत तीन दिवसांची मजुरी बुडाली. चूक सर्वस्वी माझी होती. स्तोत्र पाठ म्हणतां येतें, रजिस्टर पाठ म्हणतां येत नाहीं.

आतां हें असें कां होतें तें पाहूं. डोळ्याच्या आंत एक लहानसें जिवंत भिंग आहे. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना चपटें होतें. वय वाढतें तसें तें कठीण होत जातें व फुगेनासें होतें. दहा वर्षांच्या मुलाला सातआठ सेंटीमीटरांवर धरलेलें अक्षर वाचतां येतें. चाळिशीच्या सुमारास हें अंतर वीसपंचवीस सेंटीमीटरांवर जातें, आणि साठीच्या सुमारास जवळजवळ एक मीटरावर. आपल्या भाषेनें ह्या अवस्थेस 'चाळिशी' असें नांवच देऊन ठेविलें आहे, व त्याच नांवानें आपण चष्म्यासही ओळखतों. म्हणजे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांस ठाऊक होती आणि तिच्यांत लाज बाळगण्यासारखें त्यांस कांहीं वाटलें नव्हतें. इसहाकाची दृष्टि मंद झाली होती, एलीची झाली होती. शास्त्र हें स्पष्ट लिहितें आणि त्याबद्दल त्यांस दोष देत नाहीं.

दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. वृद्ध डोळ्याची बाहुली लहान होते, आणि आंतील भिंग पिंवळसर पडतें. त्यामुळें साठ वर्षांच्या मनुष्याच्या डोळ्यांतील पडद्यापर्यंत विशींतल्या तरुणाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोहोंचतो. ज्या दिव्याखालीं नातू सुखानें वाचतो, त्याच दिव्याखालीं आजोबांस अंधार वाटतो. "अहो, उजेड तर आहे!" असें घरांतील तरुण म्हणतात. त्यांचें म्हणणें त्यांच्यापुरतें खरें आहे, आणि आजोबांचेंही खरें आहे.

यावरून असें दिसेल कीं वडील वाचकास दोन गोष्टी हव्या: अक्षर मोठें व्हावें आणि प्रकाश वाढावा. चष्मा पहिली गोष्ट साधतो, दुसरी नाहीं. हातांतील भिंगही पहिलीच साधतें. शिवाय धरणारा हात कांपतो, आणि धरणाराचें डोकें प्रकाश अडवितें. भिंगाचा दिवा दोन्ही गोष्टी एकदम करितो. वाकणाऱ्या दांड्यावर पांचसहा बोटें रुंदीचें गोल भिंग, त्याच्या कडेनें दिवा, आणि खालीं जड बैठक किंवा मेजाला अडकविण्याची पकड, असें त्याचें रूप असतें. दोन्ही हात मोकळे राहतात. पुस्तक धरण्यास एक, व ओळीवर बोट ठेवण्यास दुसरा.

दिवा जवळ आणल्यानें किती फरक पडतो ह्याचा हिशेब सोपा आहे. अंतर निम्में केलें कीं प्रकाश चौपट होतो. चौथा हिस्सा केलें कीं सोळापट. आढ्याचा दिवा पानापासून आठ फुटांवर असेल आणि तोच दोन फुटांवर आणला, तर वीज तेवढीच जळते व पानावर सोळापट उजेड पडतो. लूक १५ मधील बाईनें हरवलेलें नाणें शोधतांना दिवा लावून घर झाडलें. माझ्या समजुतीप्रमाणें तिनें तो दिवा कोनाड्यांत ठेवून दिला नसावा. हातांत घेऊन जमिनीजवळ नेला असावा. खिडकी लहान व जमीन मातीची अशा घरांत ज्यानें सुई शोधली आहे त्यास हें सांगावें लागत नाहीं.

आपल्या बाळबोध लिपीस ह्या साधनाची गरज विशेष आहे. एक टिंब गळलें कीं 'चिंता' ह्या शब्दाची 'चिता' होते, आणि 'पंथ' ह्याचा 'पथ'. भ व म, ध व घ, थ व य, ब व व, ष व प: ह्या जोड्यांत एका गांठीचा, एका फटीचा किंवा एका तिरप्या रेघेचाच काय तो भेद. बारीक टाइपांत 'भार' ह्याचा 'मार' वाचला जातो व 'धन' ह्याचें 'घन'. तरुण उपदेशक अशा चुका ऐकून मनांत हंसतात. त्यांनीं पंधरा वर्षें थांबावें. रफार व अर्धचंद्र ह्यांविषयीं तर बोलावयासच नको.

हीं बारीक अक्षरें आपल्या हातीं आलीं कशीं, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना १८१७ सालीं सुरू झाला. पुढें तेथें टॉमस ग्रॅहम ह्यांनीं देवनागरीचे सुबक व लहान खिळे तयार केले. तेथेंच लहानपणीं काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. पोलादाच्या टोंकावर उलटें अक्षर कोरणें म्हणजे सगळें डोळ्यांचें काम. केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, आणि तें मुक्तिसदनांतील मुलींनीं व बायांनीं खिळे जुळवून छापलें. १९२२ च्या एप्रिलांत देवाघरीं जाण्यापूर्वीं बाईंनीं शेवटचीं मुद्रितें तपासून संपविलीं असें सांगतात. ज्यांनीं आपले डोळे खर्चून हें पुस्तक आपल्यास दिलें, त्यांचें पुस्तक आपण नुसतें उघडून बसावें हें बरें नव्हे.

भिंगाची युक्ति कांहीं नवी नाहीं. रॉजर बेकन ह्या इंग्रज संन्याशानें १२६७ च्या सुमारास लिहून ठेविलें होतें कीं कांचेच्या गोलाचा तुकडा अक्षरांवर ठेविल्यास वृद्धांस व मंददृष्टीच्या लोकांस वाचतां येईल. त्याच शतकाच्या अखेरीस इटलींत चष्मे झाले. युरोपांतील लेस विणणाऱ्या बाया मेणबत्तीपुढें पाण्यानें भरलेला कांचेचा गोळा ठेवून त्यांतून येणारा प्रकाश आपल्या धाग्यावर पाडीत असत. हव्या तेथें थांबणारा स्प्रिंगचा हात मात्र अलीकडचा. जॉर्ज कार्वर्डाइन ह्या इंग्रज इंजिनियरानें १९३२ मध्यें तो दिव्यास लाविला, आणि नॉर्वेच्या जेकब जेकबसन ह्यांनीं १९३७ मध्यें त्याचा प्रसार केला. हल्लींच्या दिव्यांत भिंगाभोंवतीं एलईडीची कडी असते. ती फारशी तापत नाहीं, हें वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत लहान सुख नव्हे. आणि कांहीं दिवे बॅटरीवर चालत असल्यामुळें वीज गेली तरी वाचन थांबत नाहीं.

विकत घेतांना 'मोठ्यांत मोठें दाखविणारें द्या' असें म्हणूं नये. ही चूक मीं केली. भिंगाची शक्ति डायॉप्टर ह्या मापानें सांगतात. शंभरास त्या आंकड्यानें भागलें कीं भिंगाचें केंद्रांतर सेंटीमीटरांत निघतें. ३ डायॉप्टरचें भिंग सुमारें ३३ सेंटीमीटरांवर काम करितें व अक्षर पावणेदोनपट दाखवितें. ५ चें भिंग २० सेंटीमीटरांवर व सव्वादोनपट. ८ चें भिंग साडेबारा सेंटीमीटरांवर व तिप्पट. अक्षर जों जों मोठें, तों तों पान भिंगाच्या जवळ आणावें लागतें, आणि एका नजरेंत मावणारे शब्द कमी होतात. माझ्या पहिल्या भिंगांतून एका वेळीं दोनतीन शब्दच दिसत. वाक्याचा शेवट येईपर्यंत आरंभ विसरून जाई. सभेंत वाचण्यासाठीं ३ चें बरें, रजिस्टर व हिशेबासाठीं ५ चें. त्यापुढचें भिंग काटा काढण्यास किंवा घड्याळ दुरुस्त करणारास.

भिंगावर आंकडा नसेल तर तो घरींच काढतां येतो, आणि शब्बाथशाळेच्या मुलांस हा खेळ फार आवडतो. दुपारीं उघड्या दाराच्या समोरच्या भिंतीपाशीं, पण दारापासून बरेंच दूर, उभें राहावें, आणि भिंग भिंतीसमोर धरून मागेंपुढें करावें. एका ठिकाणीं भिंतीवर बाहेरच्या झाडांचें लहान, उलटें चित्र स्पष्ट उमटतें. तेथें भिंग व भिंत ह्यांमधील अंतर पट्टीनें मोजावें. वीस सेंटीमीटर भरलें तर भिंग ५ चें. हें करण्यास सूर्याचा उपयोग करूं नये. कारण पुढें सांगतों.

वाचतांना भिंग पानाशीं समांतर ठेवावें. तिरपें झालें कीं कडेचीं अक्षरें वांकडीं होतात. प्रथम भिंग पानावर टेकवावें आणि सावकाश वर उचलावें. जेथें अक्षर मोठें व तरीही स्वच्छ दिसतें तेथें थांबवावें. भिंग मोठें असल्यास दोन्ही डोळ्यांनीं पाहावें. एक डोळा मिटून वाचणारास लौकर शीण येतो. ज्यास दूरचा व जवळचा असे दोन चष्मे आहेत त्यानें भिंगाच्या दिव्याबरोबर जवळचा घालून पाहावा, आणि सोयीचें न वाटल्यास काढावा. ह्याला एकच नियम नाहीं. गुळगुळीत कागद चकाकूं लागला तर पुस्तक थोडें कलतें करावें. लिहितांना दिवा डाव्या बाजूस असावा, म्हणजे हाताची सावली ओळीवर पडत नाहीं. डावखुऱ्यानें उजवीकडे ठेवावा. खोलींतील दुसरा दिवा मालवूं नये, कारण एकच ठिकाण झगझगीत व बाकी अंधार असला कीं डोळा थकतो. दर वीस मिनिटांनीं मान वर करून दूर पाहावें. आम्हां अकोटकडच्या लोकांस त्यासाठीं सातपुड्याची रांग आयतीच दिली आहे.

भिंगावर बसणारी आपल्या काळ्या मातीची धूळ पदरानें किंवा धोतरानें कोरडी पुसूं नये. तिनें ओरखडे पडतात, व प्लास्टिकचें भिंग तर महिन्याभरांत निकामी होतें. दिवा बंद करून, आधीं धूळ फुंकून काढावी, मग ओल्या मऊ सुती फडक्यानें पुसावें.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. भिंगावर ऊन पडलें तर तें एका बिंदूंत गोळा होतें, आणि त्या बिंदूंत कागद, गवत, कापूस पेट घेतो. आपल्या तालुक्यांत दिवाळीपासून पुढें कित्येक घरांत कापूस आढ्यापर्यंत रचलेला असतो. माणसें त्याच्या कडेनें झोंपतात. अशा घरांत खिडकीशीं उघडें राहिलेलें भिंग म्हणजे काडेपेटीच होय. मेजावर कोणी नसतांनाही हें घडूं शकतें, कारण ऊन सरकत सरकत येतें. यास्तव वाचन संपतांच भिंगावर जाड कापडाची टोपी घालावी, मगच उठावें. टोपी घालणें हें काम लेंकरांवर सोंपवूं नये, आणि कोणीही भिंगांतून सूर्याकडे पाहूं नये. प्लगाची वायर कापसाखालून नेऊं नये हें निराळें सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतों.

शास्त्रवाचनाखेरीज ह्या साधनाचे उपयोग घरोघरीं निघतील. सातबाऱ्यावरील नोंदी, औषधाच्या पाकिटावरील मुदतीची तारीख, सुईंत दोरा ओंवणें, लेंकराच्या पायांतील बाभळीचा काटा. पानाच्या उलट्या बाजूचे फुलकिडे व तुडतुडे कपाशीवर किती आहेत हें भिंगाखालीं चांगलें कळतें. परंतु मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो फवारणीच्या औषधाच्या डब्यावरील मजकूर वाचण्याचा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिंवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्यामानानें कमी. त्रिकोण चष्म्यावांचूनही दिसतो. पण पाण्याशीं किती प्रमाण, कोणतें औषध कशांत मिसळूं नये, आणि विषबाधा झाल्यास दवाखान्यांत काय सांगावें, हा मजकूर घडी घातलेल्या कागदावर इतक्या बारीक अक्षरांत असतो कीं शेतांत उभें राहून तो वाचणें तरुणासही कठीण. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुःखाचीं कारणें एकाहून अधिक होतीं. तथापि जो मजूर फवारणी करणार त्याला तो कागद आदल्या रात्रीं दिव्याखालीं कोणी तरी वाचून दाखवावा, एवढें प्रत्येक मंडळीस करतां येईल. आणि डबा उघडावयाचा नसल्यामुळें तो कागद तेवढा घरांत आणला म्हणजे पुरे.

इतकें लिहिल्यावर एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. भिंगाचा दिवा डोळे बरे करीत नाहीं. चाळिशी हळूहळू येते व दोन्ही डोळ्यांस बहुधा सारखीच येते. जर एकाच डोळ्यानें कमी दिसूं लागलें, दृष्टि एकाएकीं गेली, सरळ ओळी वांकड्या दिसूं लागल्या, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसून डोळा दुखूं लागला, अथवा मधुमेह असून अंधुक दिसूं लागलें, तर भिंगाची शक्ति वाढवीत बसूं नये. त्याच दिवशीं निघावें. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनें निघतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, म्हणून तो लौकर ओळखावा लागतो. सरकारचा अंधत्व निवारणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यांत मोफत होते; आपल्यास अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय जवळ आहे. शेजाऱ्याच्या डोळ्यांत घातलेलें औषध आपल्या डोळ्यांत घालूं नये. आमच्या सभेंतील ज्या आजीचें बोलणें वर दिलें आहे, तिला भिंगाच्या दिव्याखालींही डाव्या डोळ्यानें कांहीं दिसेना. दिव्याचा तिला पहिला उपयोग हाच झाला कीं तो पुरेसा नाहीं हें कळलें. तिचा मोतीबिंदू काढला, आणि आतां ती ३ च्या भिंगानें वाचते.

ज्यांस कोणत्याही भिंगानें दिसणार नाहीं, त्यांसही आपण विसरूं नये. केडगांवीं रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ह्यांनीं ब्रेलची बोटांनीं वाचावयाची लिपि शिकून घेऊन आंधळ्या मुलींस शिकविली. तेथील अंधांच्या विभागास बर्तिमीचें नांव आहे. हल्लीं मोबाइलवर शास्त्र ऐकतांही येतें. पण मीं पाहिलें आहे कीं ज्याला वाचतां येत होतें त्याला नुसतें ऐकून समाधान होत नाहीं. त्याला ओळीवर बोट ठेवावयाचें असतें.

आमच्या मंडळीनें दोन दिवे घेतले आहेत. एक वाचनाच्या मेजावर पकडीनें बसविला आहे; सभेंत शास्त्रपाठ कोणीही वाचो, तरुण असो वा वृद्ध, तो दिव्याखालींच वाचतो, म्हणजे दिवा कोणा एकाच्या म्हातारपणाची खूण होत नाहीं. दुसरा दिवा गुरुवारीं दुपारीं ज्यास कागदपत्र वाचावयाचे असतील त्याच्यासाठीं ठेविलेला असतो. दोहोंच्या टोप्या स्त्रीसमाजानें जुन्या सतरंजीच्या तुकड्यांच्या शिवल्या आहेत.

पुढील पाठापूर्वीं प्रत्येक उपदेशकानें आपल्या गांवीं दोन कामें करावीं. मुलांकडून घरांतील भिंगें मागवून त्यांचे आंकडे दाराच्या चित्रावरून काढावे, आणि ते कागदावर लिहून भिंगाच्या दांड्यास बांधावे. नंतर चाळिशीपुढील प्रत्येक सभासदास एकांतांत, चारचौघांत नव्हे, त्याच्याच शास्त्रांतील कोणतेंही पान उघडून पहिल्या तीन ओळी वाचावयास सांगाव्या. पाठ असलेलें स्तोत्र देऊं नये. गणना ह्या पुस्तकांतील नांवांची यादी द्यावी. ज्यांस तें जमणार नाहीं त्यांचीं नांवें घेऊन त्यांतील कोणाचे डोळे अद्याप तपासलेले नाहींत तें पाहावें. आरंभ उपदेशकानें स्वतःपासून करावा, आणि समोर पुस्तक धरण्यास शब्बाथशाळेंतील एखादें मूल बसवावें.